वरचा वारा, खालचा वारा

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, नाहीतर संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात राहणार नाही. संपादकांनी मला ‘कॉम्प्युटर आणि आजची मुलगी’ असं काहीतरी लिहायला सांगितलं होतं. दोन पानं झालीही होती, ती ओढून काढली आणि टाइपरायटरला कोरा कागद लावला. जेवणाची सुट्टी आहे, टेबलाशी मी एकटीच, डबा अजून उघडलेला नाही. भराभर टाइप करतेय, चुका झाल्या तर तशाच छापा.

मी सध्या रत्नागिरीत एका आंबा सोसायटीत टायपिस्ट आहे. आमच्याकडे नवे मॅनेजर आलेत, कोल्हापूरकडचे. आज सकाळी त्यांनी शिपायाला, आमच्या तुकारामला सांगितलं की रिकामी खोकी वरच्या खोलीत नेऊन ठेव. इमारतीला एक माळा आहे, त्यांच्या मनात तो. तुकारामनं सगळी खोकी नेऊन पूर्वेच्या खोलीत रचली. कारण आमच्याकडे वर म्हणजे घाटाकडे आणि खाली म्हणजे दर्याकडे. आम्ही कुठंही उभे असलो तरी हे पायांनाच कळतं. मॅनेजर म्हणाले, वर म्हणजे कुठं रे? तुकारामनं निवांत बोट दाखवलं. “ही काय, वरचीच हाय ना.”

सगळे हसले. मला हसू आलं नाही, मी नुसती यंत्रावर बोटं ठेवून बसले. कारण ह्याच शब्दापायी, ह्याच ‘वर’पायी, दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाचं सात वर्षांचं काम पाण्यात गेलं. पाण्यात म्हणजे खरंच पाण्यात, पूर्णगडच्या समोर.

तर मी तेव्हा आमच्या गावी, पावसला, घरीच. मॅट्रिक, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा, क्लासमधल्या बाई म्हणायच्या की तुझा वेग बघून यंत्राची दया येते. त्या थंडीत पूर्णगडजवळच्या सड्यावर एका सरकारी खात्यानं तळ टाकला. खात्याचं नाव सांगणार नाही, तशी सही करून घेतलेली आहे. सडा म्हणजे आमच्याकडचं काळं-तांबडं कातळाचं पठार, तिथं पावसाळ्यानंतर गुरंसुद्धा फारशी फिरकत नाहीत. तिथं पत्र्याच्या तीन खोल्या, कुंपण, समुद्राकडे तोंड केलेली एक तोफ, आणि एका खोलीत कॉम्प्युटर. त्यावर आकडे घालायला स्थानिक मुलगी हवी होती. मी गेले, त्यांनी एक पान टाइप करून घेतलं, माझं संपलं तेव्हा घड्याळ धरणारा माणूस अजून चष्मा पुसत होता.

कॉम्प्युटरचा थाट सांगते. सड्यावर ऊन असं की चहाची कपबशी बाहेर ठेवली तर बशी धरवत नाही, आणि हा मात्र एसीत. आम्हाला पंखा नाही, त्याला एसी. खाऱ्या हवेनं फ्लॉप्यांना बुरशी धरायची, म्हणून त्या मी पत्र्याच्या डब्यात कोरड्या तांदळात पुरून ठेवायचे. घरी आई म्हणाली, आता तुझा हा कॉम्प्युटर भात पण मागेल.

ह्या सगळ्याचे कर्ते होते देवपुजारी सर. नागपूरचे. पन्नाशीला आलेले, बारीक, कायम एकच राखाडी स्वेटर. पहिल्या दिवशी मला म्हणाले, “काय करून राहिली तू? आधी समजून घे, मग टाइप कर.” मी म्हटलं, मला गणित येत नाही. ते म्हणाले, गणित नाही सांगत बाप्पा, हवा सांगतो. आणि खरंच सांगितलं. तेच मी तुम्हाला सांगते, माझ्या भाषेत.

तोफगोळा एकदा सुटला की सुटला, बरोबर? तो जाईल तिकडे जाईल. सरांचा गोळा तसा नव्हता. लांबुळका, मागे चार पंख, पुढे दोन छोटे कान. ते कान उडता उडता वळायचे आणि गोळा वाटेत दिशा बदलायचा. वळायचं कसं, तर हवेच्या जिवावर. तुम्ही कधी वारा सुटलेला असताना सड्यावरून सूप घेऊन चालला आहात का? कडेनं धरलंत तर काही वाटत नाही. जरा तिरकं झालं की मनगट पिळून काढतं. त्या गोळ्याचे कान म्हणजे ती सुपं. किती तिरकं केलं की हवा किती पिळणार, हे आधी कळलं पाहिजे. जास्त झालं तर गोळा कोलांट्या खाणार, कमी झालं तर वळणारच नाही.

हे कळायचे दोन मार्ग. एक म्हणजे वाऱ्याचा बोगदा. मोठ्या नळीत छोटा नमुना टांगायचा, त्याच्यावर जोरात हवा सोडायची, मोजायचं. दुसरा सरांचा, त्यात हवाच आकड्यांची करायची. गोळ्याभोवतीच्या हवेचे मनातल्या मनात चौकोन पाडायचे, जाळ्यासारखे. नाकाजवळ बारीक भोकांचं जाळं, लांबवर मोठ्या भोकांचं. मग प्रत्येक चौकोनानं शेजारच्याला विचारायचं, तुझ्याकडे दाब किती, वेग किती, आणि त्याप्रमाणे आपला आकडा बदलायचा. की शेजारचा परत ह्याला विचारणार. वाडीत बातमी फिरते ना, तसं. फिरून फिरून शेवटी कोणाच्याच बोलण्यात फरक पडेनासा झाला की झालं उत्तर. कधी कधी मात्र वाडीत भांडण लागतं, आकडे फुगत फुगत जातात आणि कागदावर नुसते तारे छापून येतात. ओळीच्या ओळी तारे. आकडा जागेत मावेना झाला की तसं होतं. त्या दिवशी सर जेवायचे नाहीत. “आज दिवाळी आहे,” एवढंच म्हणायचे.

हे मोठं गणित ते पुण्याला मोठ्या यंत्रावर करून आणायचे. आमच्या सड्यावरच्या यंत्राकडे शेवटचा हिशेब, आजचा वारा असा असा आहे, तर तोफ किती वर करायची आणि कान कधी वळवायचे. समुद्रात लाल पिंपांचा एक तराफा बांधलेला होता. गोळा तिथं पडला पाहिजे. गोळ्यात दारूबिरू नव्हती, वाळू भरलेली. कामावरच्या गावकऱ्यांनी पंख-कान बघून त्याचं नाव पाडलं बांगडा. मग काय, रोज ST तून उतरताना कोणीतरी विचारायचं, काय गो, आज बांगडे उडणार काय? आणि सर, इतका गंभीर माणूस, त्यांच्या आलेखांवर स्वतःच्या हातानं ‘बांगडा ४’ असं लिहायला लागले.

आणि पावसचे ते बागायतदार. त्यांचं नाव नको, अजून रोज दिसतात. तोफेच्या आवाजानं आपल्या कलमांचा मोहोर गळतो म्हणून तक्रार घेऊन आले. सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आवाज इतक्या लांब येईपर्यंत किती उरतो ते कागदावर काढून दाखवलं. गृहस्थ अर्धा तास मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, ते सगळं ठीक, पण एवढं सगळं कळतं तर तुमच्या यंत्राला विचारा की यंदा पेट्या किती होतील. सर म्हणाले, त्याच्यासाठी आधी कैरीभोवती जाळं पाडावं लागेल. गृहस्थ खूश होऊन गेले. पुढं कितीतरी दिवस मला विचारायचे, पाडलं का जाळं?

पण हे हसणं वरवरचं होतं. आत सगळ्यांना माहीत होतं की सरांचा हा शेवटचा हंगाम आहे. त्यांच्या खात्यातले मोठे साहेब बोगद्याच्या बाजूचे होते. त्यांचं म्हणणं, हवा खरी असताना आकड्यांची कशाला? सरांनी सात वर्षं भांडून भांडून एवढं मिळवलं होतं की एकदा आधी आकडा सांगतो, मग गोळा सोडा, आणि मग बघा. आकडा आधी, गोळा नंतर. ते हे दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. तराफ्याजवळ पडला तर त्यांची पद्धत खातं स्वीकारणार, नाही पडला तर सगळं बंद. हाताखालची माणसं एकीकडे, सर दुसरीकडे. मला ते एकदा म्हणाले होते की बाकी काही नाही, पण माझं गणित बरोबर आहे एवढं कोणीतरी एकदा म्हणावं.

आता वारा. आधीच्या हंगामात, दुसऱ्या ठिकाणी, त्यांच्याबरोबर हवामानाची एक पूर्ण तुकडी होती, यंदा तीही काढून घेतली. म्हणून सरांनी वारा मोजायला गावातलाच माणूस घेतला, इस्माईलचाचा. पूर्णगडचे. बारा वर्षं आखातात बोटीवर, व्हिसाची वाट बघत घरी बसलेले. उंच, दाढीला मेंदी, आणि तोंडाचा पट्टा असा की फुगासुद्धा सुटायला घाबरेल. काम सोपं होतं. खाली बंदरावरून फुगा सोडायचा, दुर्बिणीतून बघत राहायचं, तो किती वेळात किती सरकला ते तक्त्यात बघून वेग काढायचा. आणि हातानं फिरवायच्या फोनवरून वर सड्यावर मला सांगायचा.

हवेत दोन थर असतात, हे मला तिथंच कळलं. समुद्राकाठी जमिनीलगतचा वारा एका बाजूनं वाहतो आणि उंचावरचा बरोबर उलट्या बाजूनं परत येतो. दुपारी जमीन तापते, म्हणून खालून समुद्राचा वारा आत येतो आणि उंचावरनं तो घाटाकडून समुद्राकडे परततो. सकाळी सगळं उलटं. जमीन गार, म्हणून खालून घाटाकडचा वारा समुद्रावर जातो आणि उंचावरनं समुद्राकडचा आत येतो. ह्या दिशा सरांना पक्क्या ठाऊक, त्या त्यांनी प्रोग्रॅममध्येच घालून ठेवल्या होत्या. सकाळ असेल तर मी एक कळ दाबायची, दुपार असेल तर दुसरी. फोनवर इतकी खरखर की पाच म्हटलं की पन्नास ऐकू यायचं. म्हणून सरांनी ठरवलं की फोनवर दिशा नको, उंची नको, दोनच आकडे.

आणि सरांना मराठीची हौस. इस्माईलचाचांना कशाला लोअर न् अप्पर, आपल्या माणसाशी आपल्या भाषेत बोलावं. पहिल्या दिवशी मी तिथंच होते. सर म्हणाले, “चाचा, दोनच गोष्टी सांगायच्या. वरचा वारा किती, खालचा वारा किती. समजलं?”

चाचा म्हणाले, “त्यात काय समजायचां, साहेब? आमचा जन्म गेला वाऱ्यात.”

झालं. एवढंच. ह्यात काही चुकलं असं तुम्हाला वाटतंय का? मलाही वाटलं नाही. मी तर इथलीच, पावसची. आमच्या घरात आई रोज म्हणते, वरचा वारा सुटलाय, पापड आत घे. म्हणजे घाटाकडचा, कोरडा वारा. हे मला माहीत नाही का? पण सरांचा वरचा वारा म्हणजे उंचावरचा, हेही मला माहीत होतं, मला त्यांनी चित्र काढून दाखवलं होतं. आणि खरं सांगू, त्या खोलीत मला वरचा म्हणजे पडद्यावरचा वरचा चौकोन. हिरव्या पडद्यावर दोन चौकोन एकाखाली एक. चाचा फोनवर वरचा म्हणाले की वरच्यात घालायचं, खालचा म्हणाले की खालच्यात. चपला जशा दाराबाहेर काढतो, तशी मी घरची भाषा त्या एसीच्या खोलीबाहेर काढून ठेवत होते.

आणि चाचांना चित्र कोणी काढून दाखवलं नव्हतं. त्यांच्या मते साहेब विचारतोय ते स्वच्छ आहे, घाटाकडचा वारा किती आणि दर्याकडचा किती.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, पण बघा. आमचा सगळा सराव दुपारचा. सकाळी होड्या मासे घेऊन परतायच्या, समुद्र मोकळा नसायचा. दुपारी उंचावरचा वारा घाटाकडचाच असतो आणि जमिनीलगतचा दर्याकडचा. म्हणजे सरांचा वरचा तोच चाचांचा वरचा, सरांचा खालचा तोच चाचांचा खालचा. दोघं वेगवेगळं बोलत होते आणि रोज एकच निघत होतं. सरावातले बांगडे तराफ्याच्या इतक्या जवळ पडायचे की एकदा एक पिंप फुटलं. सर त्या दिवशी स्वेटर काढून बसले होते. त्यांना गरम होताना मी पहिल्यांदाच बघितलं.

मग तो दिवस आला. मोठे साहेब आणि त्यांच्याबरोबर चौघं, आदल्या दिवशी येऊन रत्नागिरीला उतरलेले. त्यांना जेवणाआधी परतीची वाट धरायची होती, तेव्हा चाचणी सकाळी घ्या म्हणाले. गावात सांगून होड्या थांबवल्या. सरांनी सकाळची कळ दाबायची मला दोनदा आठवण केली. थंडी कडक, घाटाकडून वारा असा की कुंपणाच्या तारा वाजत होत्या.

मी फोन लावला. चाचा म्हणाले, “घे गो लिहून. वरचा नऊ. खालचा तीन.” मी म्हटलं, वरचा नऊ, खालचा तीन? ते म्हणाले, “अगो होय, काय बहिरी झालीस काय?”

वरच्या चौकोनात नऊ, खालच्यात तीन. म्हणजे यंत्राला कळलं की उंचावर समुद्राकडून जोराचा वारा येतोय, गोळ्याच्या तोंडावर. तो बिचारा हिशेब करून म्हणाला, तोफ जरा आणखी ताणा. सरांनी आकडा कागदावर लिहिला, मोठ्या साहेबांच्या हातात दिला. आकडा आधी, गोळा नंतर.

पहिला गेला. मी खिडकीतून बघत होते. तो वळला, काय सुंदर वळला हो, घार वळते तसा, न धडपडता. आणि तराफ्याच्या खूप पलीकडे पाणी उडालं. दुसरा, परत वारा विचारला, परत तेच आकडे, परत तसंच सुरेख वळण आणि परत पलीकडे. तिसरा पण. तिन्ही पलीकडे, जवळजवळ एकाच ठिकाणी.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायला हवं. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले की तीनही एकाच बाजूला चुकतात, म्हणजे हा अपघात नाही. तुमच्या गणितानं हवेची ओढ खऱ्यापेक्षा जास्त धरली आहे, मुळातच चूक आहे. सर म्हणाले, पण वळण? वळण बरोबर आलं, तेच तर अवघड होतं. साहेब म्हणाले, देवपुजारी, वळून चुकीच्या जागी पोचण्यात काय आहे? आणि घड्याळ बघितलं.

जेवणाआधीच गाड्या गेल्या. सर आकड्यांच्या कागदावर हात ठेवून बसले होते. मी चहा ठेवला, त्याच्यावर साय धरली तरी हलले नाहीत. बाहेर इस्माईलचाचा फुग्याची उरलेली दोरी गुंडाळत होते. मला हळूच विचारलं, “साहेबाचां काय बिनसलां?” मी म्हटलं, गणित चुकलं म्हणतात. चाचा म्हणाले, एवढा शिकलेला माणूस, एकदा चुकला तर काय झालं.

पुढचे आठ-दहा दिवस बांधाबांध. तोफ गेली, एक खोली मोडली. सर रोज तेच गणित उलटसुलट तपासत होते, चूक सापडत नव्हती, कारण नव्हतीच. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. आईनं सोलकढी, घावणे, काजूची उसळ केली होती. सर जेवतायत आणि आई आतून येऊन म्हणाली, “शुभा, ते दार लोट गो. वरचा वारा सुटलाय, धूळ येईल पानात.”

सर सहज म्हणाले, काकू, वरचा वारा तुम्हाला इथं बसून कसा कळला? आई हसली. म्हणाली, अंगाला लागतो की, कोरडा लागतो. सर म्हणाले, वर आहे तो अंगाला कसा लागेल? आई म्हणाली, अहो वर म्हणजे घाटाकडचा. खालचा म्हणजे दर्याचा. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी आईकडे बघितलं. मग सरांकडे. त्यांचा हात घावण्यावर तसाच थांबला होता. आणि आम्ही दोघं एकदमच बोललो. मी म्हटलं, “चाचा.” सर म्हणाले, “सकाळ.”

जेवण तसंच टाकून आम्ही निघालो. आईला वाटलं, घावण्यात केस सापडला. कॉम्प्युटर अजून पेटीत भरला नव्हता, नशीब. मी फ्लॉपी तांदळातून काढली, दाणे कळफलकावर सांडले. चाचांचा वरचा, घाटाकडचा, सकाळी जमिनीलगत असतो, म्हणून आता वरच्या चौकोनात तीन, खालच्यात नऊ. सकाळची कळ. आणि तोफेचा तोच कोन, जो त्या दिवशी ठेवला होता. विचारलं, आता सांग, बांगडा कुठं पडेल?

आकडा आला. दुर्बिणीवाल्यांनी मोजलेल्या तिन्ही जागा सरांना तोंडपाठ होत्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिले. तिथंच. तराफ्याच्या पलीकडे, जिथं पाणी उडालं होतं, तिथंच.

मी टाळी वाजवली. मूर्खासारखी. मला वाटलं, सुटलो. सर मात्र हळूहळू खुर्चीत बसले.

पावसच्या पोस्टातून ट्रंक कॉल लावला. लागायला उन्हं कलली. मी बाहेर बाकड्यावर, मला एका बाजूचंच ऐकू येत होतं. सरांनी सगळं सांगितलं, शब्द, घाट, दर्या, सकाळ, दुपार. मग ऐकत राहिले. मग म्हणाले, नाही सर, निकाल बघून बदललं नाही, वारा उलटा घातला गेला होता. मग पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, एक सकाळ द्या फक्त, एकच गोळा. मग म्हणाले, “नाही सर. चुकीचा आकडा कोणीच दिला नाही. नाव कोणाचं सांगू?”

बाहेर आले. मी विचारलं, काय म्हणाले? सर म्हणाले, “म्हणाले, उत्तर बघून गणित सोडवणाऱ्या पोराला शाळेत किती मार्क देतात?” आणि मग म्हणाले, “त्यांचं खोटं नाही, शुभा. मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. आकडा आधी, गोळा नंतर. आपला आकडा नंतर आला.”

हा ह्या धंद्याचा नियमच आहे, मला तेव्हा कळला. घडून गेलेल्या गोष्टीचं बरोबर उत्तर कोणालाही काढता येतं, त्याला काही किंमत नाही. खरं असलं तरी नाही. तोफ गेली होती, होड्यांना परत थांबवायची परवानगी नव्हती, फाइल बंद. ते एवढं सुंदर वळण समुद्राच्या तळाशी वाळू भरून पडलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सर पावसच्या ST थांब्यावर उभे होते, राखाडी स्वेटर, एक बॅग. मी आणि आई. आणि इस्माईलचाचा पूर्णगडहून मुद्दाम आलेले, हातात शहाळी, आणि सगळ्यांना सांगत होते की व्हिसा आलाय. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी रात्रभर ठरवत होते, सांगायचं की नाही सांगायचं. बस लांबून दिसली तेव्हा चाचांनीच विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता, जरा खाली आलेला.

“साहेब, एक विचारू? त्या दिवशी माझा वारा बरोबर होता ना?”

मी सरांकडे बघितलं. ते म्हणाले, “एकदम बरोबर होता, चाचा. वरचा नऊ, खालचा तीन. एकदम बरोबर.”

चाचांचा चेहरा असा उजळला. म्हणाले, बघ गो, मी सांगितलां होतां ना, आमचा जन्म गेला वाऱ्यात.

बस आली. सरांनी बॅग उचलली, आईला नमस्कार केला आणि जरा हसून, आमच्यासारखंच घाटाकडे बोट करून म्हणाले, “चला, जातो आता वर.”

आई एकदम म्हणाली, “असं बोलू नये. येतो म्हणावं.”

सर पायरीवर थांबले. म्हणाले, “काकू, येणार असतो तर म्हणालो असतो.” आणि आत गेले.

ऐकलंय की आता ते कुठल्याशा भांडारात सामान मोजतात. बोगदा जोरात चालू आहे म्हणे. चाचा आखातात. मी इथं आंब्याच्या पेट्यांच्या पावत्या टाइप करते. माझा वेग अजून तसाच आहे, आणि वेगाचा उपयोग काय ते मला अजून कळलेलं नाही. तुकारामला मॅनेजरांनी सकाळी जाम झापलं, तो आत्ता पूर्वेच्या खोलीतली खोकी एक एक करून माळ्यावर नेतोय. माझ्या समोरून जाताना पुटपुटला, ताई, मी वरच ठेवली होती ना? मी म्हटलं, होय, वरच ठेवली होतीस. मॅनेजर आले की त्यांनाही सांगणार आहे, आजच, गोळा पडायच्या आधी.

म्हणून विचारते, अगदी खरंच विचारते. दोघंही खरं बोलतायत, दोघांचाही शब्द एकच, आणि तरी कोणाचंतरी सगळं वाहून गेलं, असं तुमच्याकडे झालंय का हो कधी? आणि झालं असेल, तर तो शब्द कुठला होता?